चौथा खळगा

सूसामिरच्या पठारावर, बोगदा संपला की लगेच
उजव्या हाताला तिचा निळा डबा,
जुन्या ट्रकचा, चाकं नसलेला.
दोरीवर पिशव्या, पिशव्यांत कुरुत:
मीठ घातलेला चक्का, मुठीत दाबून
फळीवर उन्हात टाकलेला, दगड होईपर्यंत.
ट्रकवाले एक गालात धरतात
आणि पुढचा घाट जागेपणी उतरतात.

इतकी वर्षं त्याला नाव लागलं नाही.
आता बिश्केकच्या एका दुकानाला हवंय लेबल, बारकोड
आणि "काहीतरी चिन्ह, आपलं वाटेल असं."
म्हणून मी आलो, लॅपटॉप घेऊन, शहरातले बूट घालून.

आधी तुंदुक काढला, यर्टच्या माथ्यावरचं चक्र.
सायराकान म्हणाली, "हे झेंड्यावर आहे, बँकेवर आहे,
जावयाच्या व्होडकेवरसुद्धा आहे.
माझ्या पिशवीत काय आहे?"

मग घोडा. आयाळ वाऱ्यावर. तीन तास खपलो होतो.
"दूध गाईचं आहे."

मग एडक्याची शिंगं,
आमच्या घराघरांतल्या गालिच्यांवर असतात तशी.
तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.
एडक्याचं दूध कोण काढणार,
हे विचारायची गरजच उरली नाही.

जेवणानंतर मी एक पांढरं वर्तुळ दाखवलं, बाकी काही नाही.
मला ते धाडस वाटत होतं.
"डोकेदुखीची गोळी," मेएरिम म्हणाली,
तिची लेक, भांडी विसळता विसळता.

चिडून बाहेर आलो. एक कुरुत उचललं,
तोंडात टाकणार तर ऊन तिरपं पडलं त्याच्यावर
आणि खळगे दिसले. बोटांचे.
"ही तुमची बोटं?"
"मग काय शेजारणीची?
तिचे दोनच उमटतात, घाईची बाई.
पलीकडच्या म्हातारीचे खोल असायचे,
खोकला लागल्यापासून उथळ झालेत."

शाई लावून तिचा हात कागदावर घेतला.
कागदानं तळवा दिला, रेषा दिल्या,
विळ्याचा जुना वणसुद्धा दिला.
खळगा तेवढा दिला नाही.
शाईला फक्त टेकलेलं कळतं.

रात्री डब्यातच झोपलो, म्हणजे झोपलो नाही.
वर्तुळात तीन सावल्या काढल्या, मऊ, राखाडी,
आणि पहाटे कपाळ टेकून बसलो, झालं म्हणून.
मेएरिमनं मान वाकडी करून पाहिलं.
"बोलिंगचा चेंडू!"
शहरात ती एकदा खेळली होती. हरली होती.

सायराकान हसली नाही. तिनं ओला चक्का घेतला,
एकदाच मूठ मिटली आणि उघडली.
तीन खळगे ओळीत. चौथा बाजूला, तिरपा,
रांगेतून कुणी हाक मारली म्हणून वळल्यासारखा.
करंगळी तिची वाकडी बसलेली.
दावं गुंडाळलेल्या हातात वासरू उधळलं होतं
ती नऊ वर्षांची असताना.
"हा मी मोजत नाही," ती म्हणाली.
मी मोजला.

छापखान्यातून निरोप आला तेव्हा मी बोगद्यात होतो:
*चौथा ठिपका चुकलाय, सरळ केला. दोन हजार काढले.*
बाहेर आलो तर आभाळ स्वच्छ,
आणि बोलायला कुणी नाही.

गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. चूक माझी, पैसे नको, म्हणालो.
तिनं एक लेबल डोळ्यांपासून लांब धरलं,
पुन्हा जवळ आणलं.
"दुकानात चालेल," म्हणाली. "इथे कोण वाचतंय?"
माझ्या पिशवीत दोन किलो कुरुत कोंबलं, नाही म्हणू दिलं नाही,
आणि चिकटवायला बसली.

मी एस.टी.सारखी ती मिनीबस येईपर्यंत पाहत होतो.
एकूण एक लेबल ती तिरकं लावत होती.
करंगळीमुळे असेल.
विचारणार होतो,
पण गालात कुरुत होतं.