दोघांनी पाहिलं तर

हरिपूरच्या संगमावर, माघातल्या रविवारी,
साडेसहाला आम्ही अकराजण
आणि चार दुर्बिणी.
चौथीचं एक भिंग बुरशीनं धूसर,
ती नेहमी माझ्याच गळ्यात येते.

मंडळाची वही पद्मावती चौगुल्यांकडे.
एकतीस वर्षं बँकेत रोकड मोजलेल्या बाई;
अजून बोटाला थुंकी लावून पान उलटतात,
विचारतात, "आणखी कुणी पाहिलं?"
दोघांनी पाहिलं तरच नोंद.

पाणकावळे त्रेचाळीस.
वारणेच्या अंगाला शेकाटे बारा.
सातभाई मोजले तर भरले नऊ;
इस्माईल मुलाणी म्हणाला, "दोघं मेहुणे असतील."
हसण्यानं धोबी उडाला,
तो मात्र सगळ्यांनी पाहिला.

पुढं पलीकडच्या फडातला पाचटाचा धूर
नदीवर उतरला,
माणसं थर्मासकडे वळली.
मी मागे, एका डोळ्यानं दुर्बिणीत.
धूर कापत आला
नदीसुरय.
पिवळी चोच, काळी टोपी, शेपटीची कात्री उघडी.
पाण्याला एकदाच शिवला
नि कृष्णेतून वारणेत गेला,
हद्द वगैरे काही नसल्यासारखा.

हाक मारायला तोंड उघडलं,
तसंच राहिलं.

"काय होतं?" चौगुलेबाई.
"काही नाही. कावळा."
"कावळे अठरा झालेत. एकोणीस करू?"
"नको. मी एकट्यानंच पाहिला."

नोट उजेडाला धरतात
तसं त्यांनी मला जरा वेळ धरलं.
मग वही मिटली.

थर्मासच्या झाकणातला त्यांचा चहा
तसाच होता, साय धरलेला.