कमरेच्या उंचीवरून

एप्रिलात मणदूरच्या वरच्या रानात
अकरा वाजले की ऊन आवाज करू लागतं.
नुसतं ‘किर्रर्र’ लिहून भागत नाही.
करवतीला धार लावताना येतो, तसला,
एका दमात न मावणारा.
आणि आपण झाडाखाली पाऊल टाकलं
की गप्प.
वर्गात बाई आल्यासारखं.

“रातकिडे ना, हैबतीमामा?” शमानं विचारलं.
वणवा दिसतोय का बघत मामा खडकावर बसलेला.
“रातकिडा पंख घासतो, पोरी. ह्यो दिवसाचा गडी.
ह्याच्या पोटाला दोन्ही अंगाला ढोलकी.”
पुस्तकात याचं नाव सिकाडा.
कुशीला वळ्यावळ्यांचे दोन पातळ पडदे,
आत ओढायचे, सोडायचे,
तेलाच्या डब्याचं बूड दाबून सोडावं तसे,
एका सेकंदात शेकडो वेळा.
बाकी पोट पोकळ, वीणेच्या भोपळ्यासारखं.
“आन् माद्या?”
“त्या ऐकत्यात. ऐकून निवडत्यात.”

आभाळात ढग नाही, तरी मानेवर बारीक तुषार.
शमानं तळहात पुढे केला.
मामा पोट धरून हसला,
“पाऊस न्हवं गं. वरनं मुतल्यात!”
दिवसभर झाडाचा रस प्यायचा,
तो इतका पाणचट, की जास्तीचं टाकावंच लागतं.
शमानं तळहात माझ्या पाठीला पुसला.

जांभळीच्या खोडावर कात सापडली.
कांद्याच्या सालीसारखी,
डोळ्यांच्या जागी दोन रिकामे बुडबुडे,
पुढचे पाय खेकड्याचे,
पाठीवर उभी चीर.
मी ती सदऱ्याला अडकवून
संध्याकाळपर्यंत पदक मिरवलं.

रात्री बॅटरीवर पतंगाचा लाल कागद बांधला.
जांभळीच्या बुडाशी माती हलली.
बोटाएवढ्या भोकातून
चिखलानं माखलेलं एक कुबड वर आलं.
इतकी वर्षं मुळाला तोंड लावून
ते अंधारातच वाढलेलं.
किती वर्षं? मामाला माहीत नाही.
पुस्तकात परदेशातल्या काहींची सतरा लिहिलीत.
आमच्या जांभळीखालची कोणी मोजलीच नाहीत.

ते चढलं. थांबलं. नखं सालीत रुतवली.
मग पाठ उसवली,
आणि आतून फिकट हिरवं, ओलं,
उलटं लोंबकळत कुणीतरी बाहेर आलं.
डोक्यावर दोन मोठे डोळे,
मधे तीन बारके, लाल मण्यांसारखे.
पंख अजून चुरगळलेले.

एक पंख अडकल्यासारखा वाटला.
मी सोडवायला गेले.
फक्त बोटाच्या टोकानं.

डावा पंख हळूहळू उलगडला, काचेसारखा ताठ झाला.
उजवा तसाच राहिला,
भिजलेल्या पापडासारखा.
शमा काही बोलली नाही.
मामानं बॅटरी बंद केली.

सकाळी तो काळपट झाला होता, तिथंच.
बाकीचे उंच फांद्यांवर गेले.
पाचव्या दिवशी सगळं रान वरून वाजत होतं,
आणि एकच आवाज
माझ्या कमरेच्या उंचीवरून.

तो कमी नव्हता. आम्ही कान देऊन ऐकलं.

कुणी खाली उतरून आलं का त्याच्याकडे?
आम्ही दुपारी शाळेत होतो, परीक्षा होती.
नवव्या दिवशी मुंग्या
एक चुरगळलेला पंख
शिडासारखा उभा धरून नेत होत्या.

मग शमाला दिसली
सगळ्यात खालच्या डहाळीवर
ब्लेडनं मारल्यासारखी चिरांची रांग.
आत अंडी असतील. कुणाची, सांगता येत नाही.
ती फुटतील, मुंगीहून बारीक पिल्लं
मातीत टपकतील, वाट कोरत मुळाशी जातील.

शमानं माझ्या कंपासच्या झाकणावर
करकटकाच्या टोकानं तारीख कोरली.
तारखेपुढे एक आडवी रेघ,
आणि रेघेपुढे
जागा मोकळी ठेवली.