अजनीचं बंदर

नागपुरात समुद्र नाही, पण बंदर आहे.
अजनीला, रुळांच्या पलीकडे,
लाल-निळे कंटेनर एकमेकांच्या उरावर बसलेले
आणि गेटवरचा वॉचमन विचारतो,
"बाई, माल काय?"

माल: एक झेन. राखाडी. सन अठ्ठ्याण्णव.
डावं दार थोडं उचलून लावावं लागतं.
क्लच, ब्रेक पायाशी आहेत, पण पाहुण्यासारखे;
खरा कारभार वर, हाताशी,
लुनाची केबल, शिलाई मशीनची एक स्प्रिंग
आणि सागाची मूठ,
जब्बार मिस्त्रींनी गिट्टीखदानच्या टिनाखाली
माझ्या तळहाताचं माप घेऊन तासलेली.
"हात ढिला सोडा ना मॅडम," म्हणाले होते,
"मी काय इंजेक्शन देऊन राहिलो का?"

सव्वीस वर्षं.
बर्डीवरचा पोळ्याचा जाम,
मे महिन्यात स्टिअरिंगला गुंडाळलेला ओला दुपट्टा,
कॉलेजच्या गेटपाशी मुली कुजबुजायच्या
की भूगोलाच्या ढाबर्डे बाई गाडी हातानं चालवतात.
कुबड्या मागच्या सीटवर आडव्या,
झोपलेल्या पोरांसारख्या.

मुकुलनं क्राइस्टचर्चहून यादी पाठवली.
आई, गाडीत माती नको. बी नको. पान नको.
तीनदा धुतली.
मडगार्डमागची काळी माती
पाणी पडलं की आणखी चिकट,
वाटलं, हिलाच जायचं नाहीये.
सीटखाली संत्र्याच्या चार बिया निघाल्या,
काटोलहून येताना मुकुलच थुंकलेला असणार,
सातवीत होता तेव्हा.
त्या मी यादीला सांगितल्या नाहीत.
डबीत ठेवल्या.

मग कलम अकरा.
वाहनातले बदल प्रमाणित अभियंत्याचे असावेत,
नसल्यास वाहन मूळ स्थितीत आणावे.

जब्बारभाईंना विचारलं, काही कागद आहे का हो?
त्यांनी दोन्ही हात पुढे केले.
ग्रीस, आणि उजव्या अंगठ्याचं नख
जे माझ्याच गाडीखाली गेलं होतं, नवं आलंच नाही.
"हेच हाय," म्हणाले. "झेरॉक्स निघत नाही याची."

मुकुल फोनवर समजावतो:
तिकडे नवं बसवून घेऊ, कंपनीचं, चांगलं.
चांगलंच असेल.

काल सोडवलं सगळं.
पाऊण तास लागला फक्त.
नट, वायसर, दोन दांड्या, मूठ,
सगळं कालच्या पेपरात बांधून मांडीवर दिलं
जसं हॉस्पिटलात देतात
घड्याळ, अंगठी, चष्मा.

मी सवयीनं हात टाकला
आणि हात हवेत गेला.
तेव्हा पहिल्यांदा वाकून पाहिलं खाली:
पेडलचं रबर नवं कोरं,
खाचा अगदी कारखान्यातल्या,
कुणाच्याच पायानं न झिजलेल्या.
ही मूळ स्थिती.
हिच्याशी माझी ओळखच नव्हती कधी.

आज जब्बारभाई चालवत घेऊन आले,
मी शेजारी. छत्रपती चौकाच्या सिग्नलला
गाडी दोनदा बंद पडली त्यांच्याकडून.
"मॅडम, पायानं हिला जमत नाही," म्हणाले,
हसले नाहीत.

एजंट चक्कर मारून आला गाडीभोवती,
बॉनेटवर थाप. "जाते आता आरामात.
एकदम ओरिजिनल."

वॉचमन रजिस्टर उघडून उभा,
पेनाची शाई जमिनीवर झटकतोय.
माल काय लिहू?
मांडीवरचं पुडकं तेलानं ओलं होत चाललंय,
साडीला डाग पडणार.
जब्बारभाईंनी इंजिन बंद केलेलं नाही.
काही बोलतही नाहीत,
नुसते समोर बघताहेत कंटेनरांकडे,
आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात
दोन पाने आहेत,
बारा नंबर आणि चौदा नंबर.