फिशर म्हणजे दालदी

दाऊदमामू बोटीवर तेलवाला होता,
इंजिनाच्या पोटात, हाम्बुर्गच्या फेऱ्यांना.
सुट्टीवर दाभोळला आला की बॅगेतून साबण निघे, चॉकलेट निघे,
आणि मासिकांतून कापलेले कागद :
पळणारी, पोहणारी, उडणारी जर्मन माणसं.
ती आम्ही पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली,
भाताच्या पेजेने.
पेटी उघडली की आधी पेजेचा आंबूस वास येई,
मग जर्मनी.

नावं वाचायची आमच्या परीने.
ग्राफ : गणिताच्या वहीतला,
हिची रेघ मात्र नुसती वर जाणारी.
बेकर : चेंडूमागे आडवा झेपावलेला.
धोपाव्याच्या पाववाल्याने
'आपल्याच धंद्यातला' म्हणून मागून नेला,
भट्टीजवळ लावला, महिन्यात काळा केला.
कान : गोलातला.
मोहल्ल्यात कोणी मानेना.
कान असं आडनाव असतं का कधी?
खान असणार. छापणाऱ्याची चूक.

विट बर्फावर नाचत होती.
आम्हाला बर्फ ठाऊक तो जेटीवरचा,
मोगरीने ठेचलेला,
पापलेटांच्या डोळ्यांवर पसरलेला.
एकदा मी फॅक्टरीच्या दारात
लादीवर अनवाणी उभी राहिले.
तीनपर्यंत मोजलं.
नाचणं राहिलं बाजूला, तळवे चिकटले,
लादी ओढणाऱ्या माणसाने आईवरून शिवी घातली.

एका कागदावर दोघे,
गवतात पालथे पडून गप्पा मारणारे,
एक गोरा, एक काळा, दोघंही लांब उडीवाले.
काळा जिंकला, गोरा दुसरा आला.
गोऱ्याचं नाव लाँग.
पुढे लढाईत गेला, मामू म्हणाला,
आणि विडी शोधायला उठला.
तो कागद तेवढा पेजेला लागू दिला नाही.

फार वर्षांनी,
मोतीबिंदू काढलेला, डोळ्याला पट्टी,
घरात कोण आहे हे नीट न कळून
तो आपण होऊन बोलला :
हाम्बुर्गला एका जानेवारीत
गारठलेला दोर ओढताना बोटं फुटली होती.
धक्क्यावरच्या हमालाने वर पाहिलं,
स्वतःचे हातमोजे काढून भिरकावले डेकवर,
आणि खिशात हात घालून चालू लागला.
नाव विचारायला भाषा नव्हती.
'मग ज्यांची नावं छापून येत
त्यांची कापून ठेवायचो.'

खांबाला टेकून बसलेल्या, हरलेल्या कानकडे
मामू तासन्‌तास बघे.
मला वाटे, चेहऱ्याकडे.

फिशर पेटीच्या कोपऱ्यात होती, बिजागरीजवळ.
फिशर म्हणजे दालदी, मामूने सांगितलं होतं,
म्हणजे आपल्यातलीच, जर्मन दालदीण.
अरुंद होडी, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती.
अठराव्या वर्षी पहिलं सोनं,
बेचाळिसाव्या वर्षी आठवं.
मधे पोरं झाली, देशाची भिंत पडली,
ही वल्हवतच होती.

मामूला जाऊन सात वर्षं झाली.
पेटीत आता हिवाळी गोधड्या,
फिशरचं अर्धं तोंड झुरळांनी खाल्लंय.

मला मागच्या महिन्यात बेचाळिसावं लागलं.
काल तिसऱ्या काढून परतताना
खाडीच्या मध्यावर होते,
ओहोटी कमरेत हात घालून ओढत होती,
आणि पलीकडून फेरीबोट सुटली,
मोटारी, सुट्टीचे पर्यटक, गाणं लावलेलं.
का कोण जाणे, मी वल्हं घट्ट धरलं.
श्वास मोजला नाही, काही आठवलं नाही,
नुसतं पाणी मागे टाकत राहिले.
फेरीबोटीचा फळा खाली पडायच्या आधी
माझी होडी चिखलात रुतली होती.

बोटीवरच्या कोणी बघितलं नाही.
जाळं शिवणाऱ्या इस्माईलचाचाने मान वर केली :
'काय गो, घरात चूल पेटती ठेवून आलीस काय?'

मी हसले. दम नव्हता उत्तराला.
तळहात सोललेले,
आणि टोपलीतल्या तिसऱ्या
एकेक तोंड मिटत होत्या.