फटीची सरासरी

साखळीच्या मैदानावर एकतीस वर्षं
मी धावा मांडत आलोय.
टिंब म्हणजे काही झालं नाही,
एवढं शिकवलं काशिनाथ मास्तरांनी,
आणि पेन्सिलीला टोक ठेव म्हणाले.

माझ्या वहीत फटी गावस:
बावीसदा बाद, तीनशे सत्त्याण्णव धावा, सरासरी अठरा.
त्याच्या खाली रोहिदास पर्येकर. एकेचाळीस.
निवड समितीला वाचायला सोपं.

दिवाळीत ताळगावाहून भाची आली, मृणाली.
ओसरीवर लॅपटॉप मांडून
माझ्या एकोणीस वह्या तिनं बोटं काळी होईस्तोवर उपसल्या.
फटीनं किती केल्या, हे तिनं विचारलंच नाही.
कितव्या षटकात आला? तेव्हा किती हव्या होत्या?
आणि त्याच्या जागी बाकावरचा कुणीही साधा गडी असता,
तर त्यानं किती केल्या असत्या?
मी म्हटलं, नसलेल्या माणसाचा हिशेब कुणी ठेवतं का गं?
म्हणाली, मामा, तुझ्या वह्यांत सगळं आहे.
तू फक्त बेरीज केलीस.

रोहिदासच्या चाळीस,
मयेचे गोलंदाज दमल्यावरच्या.
फटीच्या नऊ,
वाळपईला, सहा बाद एकतीसवर, पाऊण तास.
आणि पॉइंटला फटी उभा असला
की समोरचे धावतच नाहीत.
न धावलेली धाव
कुठल्या रकान्यात लिहायची, सांगा.
तिनं ती शोधली. सामन्यामागे अकरा.
माझीच टिंबं मोजून.

त्या रात्री मला झोप लागली नाही.
तिला एक गोष्ट सांगितली नव्हती मी.
रोहिदास तेरा वर्षांचा, पहिलाच सामना,
बाप पिसुर्ल्याच्या खाणीवरून तसाच आलेला,
भुवयांपर्यंत लाल, झाडाखाली उभा.
चेंडू पॅडला लागून गेला. लेग बाय.
पंचांचा हात गुडघ्याला लागलेला मी पाहिला,
आणि लिहिली बॅटची एक.
त्या एकीचं तिच्या यंत्रानं
तीन दशांशांपर्यंत गणित केलंय.
अशा आणखी किती, ते मलाही आठवत नाही.

शनिवारी समिती बसली.
मृणालीचे कागद मी नेले होते, रंगीत, पिन मारून.
अध्यक्षांनी त्यांवर मिरची भजी ठेवली,
वही उघडली, एकेचाळीसवर बोट टेकवलं,
झाली की निवड.
मी तोंड उघडलं होतं. मग चहा आला.

रविवारी फटी आला, रात्रपाळी करून,
डोळे चुरचुरत,
पॉइंटला जाऊन दोन्ही तळवे मातीत घासले.
तिसऱ्या षटकात चेंडू त्याच्याकडे.
फलंदाज चार पावलं निघाला,
त्याला बघून मागं फिरला.

मी टिंब दिलं.
पेन्सिल जरा जास्तच दाबली गेली,
मागच्या पानावर उमटलं.