उपाशीपोटी

तासगावहून सहा दहाची एसटी.
खिडकीशी बसून मी रंग घोकते:
जांभळं टोपण सीबीसी, करडं टोपण साखर,
लाल...
लालचं काय ते माधवनगर आलं तरी आठवत नाही.

पेशंट उपाशीपोटी येतात,
तसं त्यांना आदल्या दिवशी सांगितलेलं असतं.
मला कुणी सांगितलेलं नाही,
तरी आठ दिवस चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

कोट नवा, खळ दिल्यासारखा कडक.
खिशावरचा बिल्ला मात्र आधीच्या मुलीचा, केतकीचा,
ती लग्न करून इचलकरंजीला गेली.
लोक केतकी म्हणून हाक मारतात, मी ओ देते.
चुकलं की जरा बरंही वाटतं:
चुकली ती केतकी.

मंगळवारी एका मास्तरांना तीनदा टोचलं.
त्यांनी शांतपणे बाही खाली ओढली, म्हणाले,
"दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."
त्यानंतर दिवसभर माझे हात गार.
परतीच्या गाडीत दांडी धरून उभी सगळी माणसं
मला नुसत्या शिरा दिसत होती.
रात्री आई ताट वाढत होती,
मी तिच्या मनगटाकडं बघत बसले.

मुल्लाणी मॅडम एकच सांगतात:
"शीर डोळ्यांनी नको शोधूस, बोटानं ऐक."
मला काहीच ऐकू येत नाही, मॅडम.

शनिवारी टोकन सतरा. सत्यव्वा ऐवळे.
बाही वर सारली तर हात कोपरापर्यंत पिवळाधम्मक.
मी फॉर्मवर कापऱ्या अक्षरात लिहिलं, कावीळ?
आणि आत पळाले.
मॅडम बाहेर आल्या, बघितलं,
आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.
"अगं, मार्केट यार्डातल्या आहेत त्या."
सत्यव्वा म्हणाली, "ईस वरसं हळद निवडतीया बाय,
रगात बी पिवळंच निघंल बघ."

पिवळ्याखालचं निळं काही दिसेना.
मग बोट ठेवलं.
कातडी पोत्यासारखी खरबरीत,
आणि खोल कुठंतरी काहीतरी
दाबलं की परत वर येणारं.
"थरथरतीयास," ती म्हणाली.
"पैल्या दिशी म्या आख्खं पोतं सांडलं हुतं."
"मग?"
"मग काय. भरलं परत."

रक्त लालच निघालं.

कोपराच्या घडीत कापूस दाबून
तिनं बाकावरच फडकं सोडलं.
"ये, खा. तुजं बी त्वांड उपाशीच दिसतंय."
अर्धी भाकरी, वर खर्डा.
उभ्यानंच खाल्ली, अठराची हाक येईपर्यंत.
अठराव्याची शीर पहिल्यांदा सापडली नाही.
दुसऱ्यांदा सापडली.

रविवारी आईनं कोट धुवायला घेतला.
बाहीवर पाच बोटं, पिवळी.
"हे काय गं?"
"हळद लागली."
तिनं असं बघितलं माझ्याकडं
की घाईघाईनं सांगावं लागलं, "कोटाला!"
साबण लावला तर डाग लालभडक.
मी घाबरले, आणखी घासायला लागले.
"घासू नकोस," आई म्हणाली.
"तारेवर टाक नुसता.
दोन-तीन उन्हं लागतील."