कानात वारं

पुंता अरेनासच्या बाजूला वारा नसलेला दिवस
वर्षातून दोन-तीनदाच उगवतो.
त्या दिवशी माणसं जरा झोकांडतात,
टेकायला काही उरलं नाही अशी.

तसल्याच एका दिवशी, सामुद्रधुनीपलीकडे पोर्वेनीरला,
खेकड्यांच्या कारखान्यात येसिका ओयार्सो म्हणाली,
आजही येतोय आवाज. डाव्या कानात.
हुस्स, हुस्स, नाडीच्या ठेक्यावर.
मुकादम हसला: पोरीच्या कानात वारं शिरलंय.
क्रेट उचलायला ती वाकली की डोळ्यांपुढे अंधारी,
चार आकडे मोजेपर्यंत.
मग पुन्हा दिवे, पुन्हा लाल नांग्या, पुन्हा काम.

हे मला कळतंय आज, ऑगस्टमध्ये,
चिठ्ठीवरच्या दोन ओळींतून
आणि तिला मशीनमध्ये सरकवणाऱ्या नेल्सनकडून.
फेरी दोन दिवस बंद होती, तो सांगतो,
म्हणून मंगळवारची बाई गुरुवारी आली.

पडद्यावर तिची कवटी, उभी चिरलेली, आडवी चिरलेली.
डोळ्याला सवय गाठ शोधायची.
गाठ नाही. रक्त नाही. मधली रेघ सरळ.
पाण्याच्या पोकळ्या बारीक,
पण एकतिसाव्या वर्षी त्या बारीकच असतात.
इथवर आलं की बोटं आपसूक लिहू लागतात: सर्वसाधारण.

थांब, इग्नासिया.
गाठ ही वस्तू आहे. दाब ही वस्तू नाही.
दाबाचा फोटो निघत नाही.
तो जिथे टेकला तिथले वळ तेवढे दिसतात.

डोळ्याचा गोल बघ: मागून चपटा,
कणकेच्या गोळ्याला अंगठा लागावा तसा.
दृष्टीची नस नागमोडी,
तिची म्यान पाण्याने फुगून ढगळ झालेली.
कानामागून उतरणाऱ्या दोन्ही मोठ्या शिरा
एकाच जागी चिमटीत धरल्यासारख्या.
म्हणजे हा तो वारा:
बोळातून अंग चोरून जाणारं रक्त.

आणि तळाशी खोगीर.
त्या हाडाच्या खळग्याला पुस्तकातही खोगीरच म्हणतात.
वाटाण्याएवढ्या ग्रंथीने त्यात ऐसपैस बसायचं.
इथे ती तळाला चिकटलेली, पापुद्रा नुसता,
वर सगळं पाणी.
माझे वडील एस्तान्सियावर मेंढ्या राखायचे. ते म्हणत,
रिकामं खोगीर घेऊन घोडा घरी आला
तर घोड्याला विचारत बसू नये,
माणूस शोधायला निघावं.

मग मी तिचा मार्चमधला स्कॅन उघडला.
तेव्हा नुसतं डोकं दुखतं म्हणून आली होती.
तेव्हाही खोगीर अर्धं रिकामं.
म्यान तेव्हाही थोडी सैल, आता माहीत असल्यामुळे दिसते,
की तेव्हाही दिसली असती, कोण जाणे.
खाली दीड ओळीचा रिपोर्ट:
मेंदू वयाला साजेसा.
सही माझी.
त्या रात्री मी अठ्ठेचाळीस स्कॅन वाचले होते, हे खरं.
हे तिच्या डोळ्यांना सांगून उपयोग नाही, हेही खरं.

फोन केला. डॉक्टर बाआमोंदे जेवण टाकून आले.
कुशीवर निजवून पाठीत सुई घातली
आणि काचेच्या नळीत पाणी चढू लागलं,
वीस, सव्वीस, एकतीस,
कोणी काही बोलत नव्हतं,
अडतीसवर थांबलं.
पाणी अगदी नितळ. झऱ्याचं म्हणून पाजलं असतं तरी चाललं असतं.

थोडं काढून घेतल्यावर
येसिका बराच वेळ डोळे मिटून पडली.
मग विचारलं तिने, वारा पडला का?

खिडकीबाहेर जस्ताचे पत्रे आपटत होते.
चौकात माणसं पालिकेने बांधलेला दोर धरून
एकेक पाऊल टाकत होती.
मी दाराशी उभी होते, अंगात कोट तसाच.
नाही, म्हटलं, बाहेर आहे अजून.
आणि खुर्ची ओढून बसले.
मार्चबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे.